काचेची बाई आणि बसऱ्याचे आबा

1914 सालचा नाताळ. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ, दोन सैन्यांच्या खंदकांमधल्या उजाड पट्ट्यात, तोफगोळ्यानं पडलेला एक खड्डा. त्यात एक इंग्रज कॅप्टन आणि एक जर्मन शिपाई एकमेकांवर पिस्तूल रोखून बसलेत. मारायची हौस दोघांनाही नाही. पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, त्यामुळे 'तू खाली ठेव, मग मी ठेवतो' एवढं साधं बोलणंही होऊ शकत नाही. आता चाप ओढला जाणार, तेवढ्यात काळच थांबतो. कॅप्टन त्या खड्ड्यातून उचलला जातो आणि भलत्याच काळात, दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात जाऊन उभा राहतो.

हा प्रसंग बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेतला. 23 नोव्हेंबर 1963 रोजी ती सुरू झाली, 1989 साली बंद पडली आणि 2005 साली पुन्हा उभी राहिली. त्यानंतर बरीच वर्षं नाताळला तिचा विशेष भाग दाखवायची प्रथा होती. आपल्याकडे फराळाबरोबर दिवाळी अंक, तसा तिकडे जेवणानंतर हा भाग असायचा. मी सांगते आहे तो 25 डिसेंबर 2017 चा, स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेला, 'ट्वाइस अपॉन अ टाइम' नावाचा. मी तेव्हा लेस्टरला लेकीकडे होते. त्या दिवशी तिकडे बस धावत नाही, दुकान उघडत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नातू म्हणाला, "आजी, तू फिलॉसॉफी शिकवतेस ना? मग हे बघच." सांगलीच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत होते, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. आठ वर्षांच्या मुलानं आपल्या विषयाची दखल घेतली, म्हणून मी सोफ्यावर मांडी घालून बसले.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. दिसायला माणूस, वय हजारो वर्षांचं. मरायला टेकला की त्याचं शरीर पालटतं. चेहरा नवा, आवाज नवा, स्वभावसुद्धा नवा. आठवणी मात्र जुन्याच. ही युक्ती 1966 साली निघाली ती निव्वळ नाइलाजानं. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना आणि चालती मालिका तर बंद करायची नव्हती. मग पॅट्रिक ट्राउटन यांना आणून सांगितलं, हाच तो डॉक्टर. लोकांनी मानलं. पुढे नट बदलत गेले आणि लोक दर वेळी मानत गेले.

2017 च्या भागात दोन डॉक्टर एकमेकांना भेटतात: पहिला आणि बारावा. दोघेही मरणाच्या दारात आहेत आणि दोघांनीही हट्ट धरलाय, की आता पालटायचं नाही, पुरे झालं. त्यांच्यासमोर येते एक काचेची बाई. ती 'टेस्टिमनी' नावाच्या संस्थेची. फार पुढच्या काळातली ही संस्था. माणूस मरायच्या ऐन क्षणी काळ थांबवायचा, त्याच्या सगळ्या आठवणी उतरवून घ्यायच्या, मग त्याला होता तिथे परत ठेवायचं आणि मरू द्यायचं, असं तिचं काम. नंतर त्या आठवणी काचेच्या शरीरात घातल्या की मेलेला माणूस पुन्हा बोलू लागतो. डॉक्टरला वाटतं, यात काहीतरी काळंबेरं असणार. तो शोध घेतो आणि त्याला कळतं, की कट वगैरे काही नाही. कोणाचंच काही वाया जाऊ नये, एवढीच या लोकांची इच्छा आहे. मला हा भाग आवडला तो इथे. खलनायक नसला की प्रश्न टाळता येत नाही.

डॉक्टरची जुनी विद्यार्थिनी बिल त्याच्यासमोर येऊन उभी राहते. तीच बडबड, तेच हसू. पण ती काचेची आहे. डॉक्टर म्हणतो, तू बिल नाहीस, तिच्या आठवणींची नक्कल आहेस. तिचं उत्तर असं: आठवणींखेरीज माणूस असतो तरी काय? तू इतके चेहरे बदललेस, तरी तू तूच म्हणवतोस. मग मी का नाही?

नातू माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग, ती बिल आहे की नाही?"

या प्रश्नावर आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षं भांडण चाललेलं आहे. कोणालाही विचारा, तो पटकन गीतेतल्या जुन्या कपड्यांवर येईल. पण कपड्यांची ती उपमा इथे कामाची नाही. आपल्या पुनर्जन्मात आत्मा पुढे जातो आणि आठवणी मागे राहतात. मागच्या जन्मी मी कोण होते, ते मला ठाऊक नसतं. काचेच्या बाईचं अगदी उलट. आठवणी सगळ्या हजर, बाकी काय पुढे आलं ते कोणी सांगू शकत नाही.

नैयायिक आत्मा सिद्ध करतात तो स्मृतीच्याच जोरावर. डाव्या डोळ्यानं पाहिलेली वस्तू उजव्या डोळ्यानं पाहिली तरी 'हीच ती' असं कळतं. डोळे दोन असले तरी ओळखणारा एकच असला पाहिजे. एकानं पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही, म्हणून पाहणारा तोच आठवणारा. आणि शरीर तर बदलत राहतं, म्हणून तो शरीराहून वेगळा. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनीही क्षणिकवादी बौद्धांविरुद्ध आठवणीचाच पुरावा पुढे केला आहे. बौद्ध म्हणतात, प्रवाह आहे, पण त्याचा मालक कोणी नाही. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला रात्रभर तेवणाऱ्या दिव्याकडे बघायला सांगतो: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही आणि दोनही म्हणता येत नाहीत. इंग्रजांचा जॉन लॉक सतराव्या शतकाच्या अखेरीस असंच काहीसं म्हणाला: जिथवर जाणीव मागे पोहोचते तिथवर माणूस तोच. 'डॉक्टर हू' ही मालिका या लॉकच्या अंगणात वाढलेली.

आता काचेच्या बाईला यांच्यासमोर उभी करा. लॉक आणि बौद्ध तिला घरात घेतील. प्रवाह चालू आहे, बस झालं. चार्वाक दारातूनच परत पाठवील, कारण शरीर नाही तर कोणी नाही. नैयायिकाची मात्र पंचाईत होईल. स्मृती हा त्याच्या मते आत्म्याचा गुण आहे, आणि गुण काही आपलं द्रव्य सोडून फिरत नाही. बिलचा आत्मा या काचेत आला असेल, तर ती बिल. नसेल, तर तिला हे सगळं आठवतंय ते कोणाच्या जोरावर?

तर्काची एक साधी कसोटी लावली, की लॉकचंही घर हलतं. आठवणींवरून एक काचेची बिल बनते, तर दोन का बनणार नाहीत? दोघींनाही तेच बालपण आठवेल, दोघीही 'मीच बिल' म्हणून सांगतील. दोघी खऱ्या म्हणाव्यात, तर एका माणसाची दोन माणसं झाली. एकच खरी म्हणावी, तर कोणती ते आठवणी सांगू शकत नाहीत. तेव्हा आठवणी हा माणसाच्या तोचपणाचा पुरावा असेल, पण तोचपण म्हणजे आठवणी नव्हेत. वर्गात मी हे फळ्यावर लिहून मोकळी झाले असते. लेस्टरच्या सोफ्यावर मात्र मी नातवाला एवढंच म्हणाले, "थांब, मला विचार करू दे."

विचार बरीच वर्षं चालला आणि तो फिरून फिरून आमच्या घरातल्या एका माणसापाशी येत राहिला.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीत गेले आणि परत आले नाहीत. घरात त्यांचा उल्लेख 'बसऱ्याचे आबा' असाच. त्या काळी आमच्या भागात मेसोपोटेमियाला कोणी मेसोपोटेमिया म्हणत नसे, सगळं बसरा. मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 नंबरच्या पलटणी त्या आघाडीवर होत्या. डिसेंबर 1915 पासून कूत-अल-अमारा गावात त्यांना तुर्कांचा वेढा पडला. रसद संपली, घोडे मारून खायची पाळी आली, आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस तोंडात घालायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मिळवून ती त्यांना कळवण्यात आली, तरी कितीतरी जण उपाशीच राहिले. 29 एप्रिल 1916 रोजी वेढ्यातल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि कैद्यांच्या तांड्यांतली माणसं वाळवंटात वाटेवर मरत गेली. आमचे आबा कुतात होते का, मुळात कुठल्या पलटणीत होते, गोळीनं गेले की पटकीनं, यातलं आम्हाला काही ठाऊक नाही.

त्यांचं नावही आम्हाला खात्रीनं ठाऊक नाही. याचं कारण विस्मरण नव्हे, मर्यादा. माझी आजी या घरात सून म्हणून आली तेव्हा ते गेलेले होते; तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं. पण ते थोरले दीर, म्हणून तिनं त्यांचं नाव जन्मात घेतलं नाही. आजोबा वडिलांच्या लहानपणीच वारले. कोणी विचारलंच तर आजी ट्रंकेतला बिल्ला काढायची आणि त्याच्या कडेवर बोट ठेवायची. सरकारकडून आलेलं ते रुप्याचं युद्धपदक. कडेवर इंग्रजीत शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं, अक्षरं मुंगीएवढी. वडील एक नाव सांगायचे, आत्या दुसरंच सांगायची.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी तिसरीत होते. विहिरीनं तळ गाठला होता, वडील खडी फोडायच्या कामावर जात होते आणि घरात सुकडीचा वास भरलेला असायचा. एके दिवशी आजीनं बिल्ला पदराच्या टोकाला बांधला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही बाजाराला गेलो. सोनारानं रिबीन कापून बाजूला टाकली. बिल्ला दगडावर घासला, तराजूत टाकला, पलीकडे गुंजा आणि वजनं मांडली. कडेवरची अक्षरं त्यानं वाचली नाहीत. वाचायचं कारणही नव्हतं. मला वाचता आली नसती, कारण तेव्हा इंग्रजी पाचवीपासून. त्या पैशांची आम्ही ज्वारी घेतली. आमच्यापाशी त्या माणसाचं नाव ज्या एका वस्तूवर होतं, ती आम्ही खाल्ली. आजीनं केलं ते बरोबरच केलं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. मेलेल्याच्या नावापेक्षा जित्याचं पोट मोठं, आणि घरासाठीच पलटणीत गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

बसऱ्याच्या स्मारकावर तरी त्यांचं नाव असेल, असं कोणालाही वाटेल. 1917 साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं तत्त्व मोठं सुंदर होतं: हुद्दा, वंश, धर्म न बघता प्रत्येक मृताचं नाव कोरायचं. बसऱ्याचं स्मारक 1929 साली खुलं झालं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. 1997 साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं गेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये कमिशनच्याच चौकशी समितीचा अहवाल आला. किमान 1 लाख 16 हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंद झालेली नाही किंवा मुळीच नोंद झालेली नाही, असं त्यात म्हटलं आहे. ही माणसं मुख्यतः आफ्रिकेतली आणि मध्यपूर्वेतली. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली.

आमच्याकडे गावोगावीही तेच दिसतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे 46 जण त्या युद्धात कामी आले. गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. जिल्ह्यात अनेक गावांतून सरकारनं दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नाव एकाचंही नाही. साताऱ्याशेजारच्या संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याचं नाव खंड्या, हे सातारच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खंड्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, तेव्हा त्याच्या समाधीबद्दल माझी काही तक्रार नाही. नाव राहायला काय लागतं, ते मात्र तिथे नीट कळतं: ज्याच्या उपयोगी पडलो त्यानं आपल्याला ओळखलेलं असावं लागतं.

नाताळच्या त्या भागाकडे मी पुन्हा वळते, कारण तिथेही हेच घडतं. शेवटी डॉक्टर कॅप्टनला त्याच्या खड्ड्यात परत नेऊन सोडतो, पण काळाचा काटा किंचित सरकवून, दोनेक तास पुढे. तेवढ्यात 1914 ची ती प्रसिद्ध नाताळची युद्धतहकुबी सुरू होते. दोन्हीकडच्या खंदकांतून गाणी ऐकू येतात, शिपाई वर येतात आणि कॅप्टनचा जीव वाचतो. प्रसंग छानच आहे. पण निरोप घेताना कॅप्टन आपलं पूर्ण नाव सांगतो आणि प्रेक्षकाला कळतं, की डॉक्टरचा जुना मित्र ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट याच्याच घराण्यातला हा पूर्वज. म्हणजे आपला माणूस निघाला! समोरच्या जर्मन शिपायाला मात्र अखेरपर्यंत नाव नाही. वाचला तोही, पण तो कोण, कुणाचा, हे लेखकाला विचारावंसं वाटलं नाही. प्रत्येकाची आठवण जपणाऱ्या संस्थेच्या गोष्टीत एक माणूस बसऱ्याच्या आकड्यासारखा राहून गेला.

मग नाव नसलेल्याचं काय राहतं? वाई तालुक्यात, चंदन-वंदन किल्ल्यांच्या जवळ किकली नावाचं गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळ उभे आहेत, पुष्कळ. वीरगळाची मांडणी बहुधा ठरलेली असते. अगदी खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला. तिच्यावर लढाई: ढाली, तलवारी, कधी घोडा, कधी सोडवून आणलेल्या गाई. त्याच्यावर अप्सरा त्याला दोन्ही हातांना धरून वर नेताहेत. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर. पावसानं चेहरे झिजून सपाट झालेत. लेख कोरलेला वीरगळ क्वचित सापडतो. बहुतेकांवर एक अक्षर नाही. हा कोण, कुठल्या लढाईत पडला, कुणाच्या गाई होत्या, काही कळायला मार्ग नाही. तरी एखाद्याला शेंदूर लागलेला असतो, पायाशी कोणी फूल ठेवलेलं असतं. ठेवणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक नाही. गावासाठी कोणीतरी गेलं होतं, एवढं ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर फूल ठेवता येतं.

टेस्टिमनीकडे सगळ्या आठवणी आहेत आणि नातं कोणाशीच नाही. किकलीत आठवण एकही नाही आणि नातं आहे.

आमचा बसऱ्याच्या आबांचा म्हाळ याच जातीचा. पितृपक्षात शस्त्रानं मेलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. यावरून आमच्या घरी वाद व्हायचा. वडील म्हणत, लढाईत गेले, चतुर्दशीच पाहिजे. आजी म्हणायची, "पटकीनं गेलं असलं तर? अवसंलाच घाला, तिथं समद्यांना जागा असती." शेवटी अमावास्या ठरली. वडील सत्यशोधकी वळणाचे. भटजीला बोलावणार नाहीत, पण म्हाळ चुकवणार नाहीत. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवारीची आणि भोपळ्याची भाजी, पान वाढून कौलांवर ठेवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "बसऱ्याचे आबा, जेवायला या." भाऊ पुण्याला गेल्यापासून हे मी सांगलीत, हरिपूर रस्त्यावरच्या आमच्या गच्चीवर करते. माहेरचा म्हाळ लेकीनं घालावा का, अशी कुजबुज आमच्या गल्लीत झाली. आजेपाडव्याला लेकीचा मुलगा आईच्या वडिलांना पाणी देतो ते कसं चालतं, असं मी विचारलं, तेव्हा ती थांबली. डॉक्टरही त्या भागाच्या शेवटी पालटतो तो बाई होऊन. नातवाच्या मित्रांत त्यावर म्हणे मोठी खळबळ होती. अनुशासन पर्वातला भंगास्वन राजा सरोवरात बुडी मारून बाई होतो, पुरुष म्हणून शंभर आणि बाई म्हणून शंभर मुलांना जीव लावतो. हे वाचलेल्या माणसाला डॉक्टरचं काही विशेष वाटत नाही.

माझ्यातला तर्कशास्त्राचा शिक्षक गच्चीवरही गप्प बसत नाही. चार्वाकांची जुनी थट्टा प्रसिद्ध आहे: इथे जेवलेलं मेलेल्याला पोहोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच कोणीतरी जेवलं म्हणजे झालं. या थट्टेला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कर्मसिद्धान्त मानणाऱ्याकडेही नाही. ज्याचं कर्म त्याला फळ, तर मी केलेल्या म्हाळाचं फळ आबांना कसं? साताऱ्यात वाढलेल्या माणसाला नरेंद्र दाभोलकरांचा प्रश्नही टाळता येत नाही: जे करतो त्याला पुरावा काय, आणि पुरावा नसेल तर का करतो? आबा जेवायला येतात याला पुरावा नाही. कावळा येतो, कारण त्या पंधरवड्यात सगळ्या सांगलीत कावळ्यांची चैन असते.

पण म्हाळ ही आबांबद्दलची माहिती नाहीच, की तिला पुरावा लागावा. ती माझ्याकडून झालेली कबुली आहे, की कोणीतरी गेला म्हणून हे घर उभं राहिलं. त्याच्या पेन्शनीवर आणि शेवटी त्याच्या बिल्ल्यावर जगलं. पुरावा ज्याचा हवा तो इथे आहे: मी शिकले, नोकरी केली, लेस्टरच्या सोफ्यावर बसून परग्रहावरच्या डॉक्टरची काळजी केली. त्याच्या आठवणी माझ्याकडे नाहीत, म्हणून तो माझ्यापुरता नाहीसा होत नाही. उलट उद्या कोणी त्याच्या सगळ्या आठवणी काचेत घालून माझ्यासमोर उभ्या केल्या, तरी त्यानं माझं देणं तसूभर फिटणार नाही.

वेदान्ताच्या वर्गात देवदत्ताचं उदाहरण असतं. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज इथे भेटतो. वय, कपडे, गाव, सगळं बदललंय, तरी आपण त्याला ओळखतो. वेदान्ती यावरून सांगतात, की बदलणारं बाजूला ठेवलं म्हणजे उरतो तो एकच. मी कितीतरी वर्षं हे उदाहरण शिकवलं, आणि आता मला त्यातला दुसराच माणूस जास्त दिसतो: जो ओळखतो तो. देवदत्त तोच आहे हे देवदत्ताच्या पोटात शोधून सापडत नाही. समोरच्यानं त्याला हाक मारावी लागते. हार्टनेलच्या जागी ट्राउटन आला तेव्हा 'हाच तो' हे ठरवलं ते प्रेक्षकांनी. त्या नाताळच्या भागातही डॉक्टर बिलबद्दलचा वाद जिंकत नाही, हरतही नाही. निरोपाच्या वेळी तो तिला मिठी मारतो. प्रश्न सुटलेला नसतो, पण वागायचं कसं हे ठरलेलं असतं.

यावर एक खणखणीत आक्षेप येतो आणि तो मी विद्यार्थ्यांकडून ऐकलेला आहे. ओळखणाऱ्यावर सगळं अवलंबून असेल, तर ज्याला ओळखणारं कोणीच उरलं नाही, तो कोणीच नव्हता का? तसं असेल तर बसऱ्याच्या स्मारकावर नुसते आकडे कोरणाऱ्यांनी काहीच चूक केलेली नाही. आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तर्कातून मला मिळालं नाही, रीतीतून मिळालं. तर्पणात आपल्या तीन पिढ्यांना नाव-गोत्र घेऊन पाणी देतात, पण तिथे थांबत नाहीत. ज्यांना कोणी नाही, जे आपले कोणी लागत नाहीत, त्यांनाही पाणी सोडतात. म्हणजे नातं रक्तातून सापडावंच लागतं असं नाही, ते पत्करताही येतं. माणूस कोणी तरी होता, हे ओळखणाऱ्यामुळे ठरत नाही. त्याचं काही देणं लागतो हे मात्र कोणीतरी पुढे होऊन पत्करावं लागतं. म्हणूनच त्या जर्मन शिपायाचं नाव न विचारणं मला खुपतं. वाचवणारा डॉक्टर होता, तो कोणाचाच नातेवाईक नव्हता, त्यानं दोघांनाही वाचवलं. नातं मात्र एकाचंच सांगितलं गेलं.

नातू आता मोठा झालाय. गेल्या पितृपक्षात फोनवर म्हणाला, "आजी, आता सगळ्यांचंच टेस्टिमनी होणार. फोटो, मेसेज, आवाज, सगळं साठतंय. तुझ्या त्या बसऱ्याच्या आबांसारखं कोणी हरवणार नाही." मी म्हटलं, साठू दे, चांगलंच आहे. पण साठवलेलं कोणी उघडलं नाही तर ती ट्रंक आणि आमची ट्रंक सारखीच. त्यात काय आहे ते यंत्र सांगेल. त्यातलं तुझ्या अंगावर काय येतं, ते तुलाच ठरवावं लागेल. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे काय करायचं?" हा प्रश्न मला काचेच्या बाईच्या प्रश्नापेक्षा बरा वाटला.

श्रद्धाळूंनी नुसतं पान वाढून हात धुतले, तर ते एक जेवण झालं. विवेकवाद्यांनी कावळ्याबरोबर देणंही मोडीत काढलं, तर तो हिशेब अर्धाच सुटला. पान न वाढता कोणी त्याच दिवशी रक्त दिलं, एखाद्या मुलीची फी भरली, तर आबांचा म्हाळ झाला असंच मी म्हणेन. बसऱ्याच्या दगडावर शिपायांची नावं कोरायलाच हवीत, आणि त्यासाठी जुन्या दफ्तरांतून ती हुडकून काढायला हवीत. ते कमिशनचं देणं आहे आणि त्याला फार उशीर झालाय. आमचं देणं वेगळं, आणि ते नाव सापडण्यावर अडलेलं नाही.